शेजारची गाडी रोज रेषेवर येते तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इमारतीच्या तळघरात प्रत्येकाला आखून दिलेली जागा आहे. शेजारची गाडी गेली दोन वर्षं बहुतेक रोज तुमच्या रेषेवर, कधी तर वीतभर आत उभी असते. तुमचं चालकाच्या बाजूचं दार उघडत नाही, म्हणून तुम्ही दुसऱ्या बाजूने चढून, गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून आपल्या सीटवर येता. काचेवर चार चिठ्ठ्या लावून झाल्या, दोनदा तोंडी सांगून झालं. गेल्या आठवड्यात संयम सुटला आणि तुम्ही आपली गाडी त्याच्या गाडीमागे आडवी लावून वर निघून गेलात. सकाळी त्याला कामाला उशीर झाला, जिन्यात आरडाओरडा झाला, आणि आता दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. चूक कोणाची आणि आता करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं पार्किंगच्या जागा आखण्याचं आणि सांभाळण्याचं काम करते. रहिवासी इमारती, कार्यालयं, दोन रुग्णालयं. कागदावर माझं काम आखणीचं. प्रत्यक्षात अर्धा वेळ अशा तक्रारी ऐकण्यात जातो. त्यामुळे पहिली गोष्ट मनापासून सांगते: तुमचा संताप रास्त आहे. रोज सकाळी स्वतःच्याच गाडीत अंग चोरून शिरावं लागणं ही लहान गोष्ट नाही. गुडघे दुखत असतील, कडेवर मूल असेल, हातात सामान असेल तर अजिबातच नाही. "एवढंसं काय त्यात" म्हणणाऱ्याने आठवडाभर तसं बसून दाखवावं.

चूक कोणाची, याचं उत्तर मात्र मी लगेच देणार नाही. त्याआधी तुम्हाला एक काम सांगते.

दहा दिवस रोज, घरी आल्यावर, त्याची गाडी रेषेच्या कोणत्या बाजूला किती सरकली आहे ते मोजा. साधी मोजपट्टी पुरते. पुढच्या चाकापासून रेषेपर्यंत आणि मागच्या चाकापासून रेषेपर्यंत, अशी दोन मापं, तारखेसकट वहीत लिहा. शक्य झालं तर त्याच्या पलीकडच्या बाजूला काय आहे तेही पाहून ठेवा: भिंत, खांब, पाइप, दुसरी गाडी.

हे कशासाठी? माझा अनुभव असा की निष्काळजी माणूस दोन्ही बाजूंना चुकतो. आज डावीकडे, उद्या उजवीकडे, परवा तिरका. ज्याची गाडी रोज एकाच बाजूला, जवळपास तेवढीच सरकलेली असते, त्याला बहुतेक वेळा काहीतरी ढकलत असतं. तुमच्या वर्णनात "नेहमी माझ्याच बाजूला" हे शब्द तीनदा आलेत. म्हणून मला त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या पलीकडच्या बाजूबद्दल शंका येते.

तुमचं चालकाचं दार त्याच्या बाजूला आहे. दोन्ही गाड्या तोंड आत करून लावलेल्या असतील, तर तुमच्या दोघांच्या मधल्या फटीत तुमचं चालकाचं दार आणि त्याचं प्रवाशाचं दार येतं. म्हणजे त्याचं स्वतःचं चालकाचं दार पलीकडे उघडतं. तिथे खांब असेल, तर त्याला उतरण्यासाठी तुमच्याकडे सरकण्यावाचून गत्यंतर नसतं. तो आपली अडचण तुमच्या जागेत टाकतोय, हे खरंच. पण ती अडचण त्याने निर्माण केलेली नाही, आखणाऱ्याने केलेली आहे.

आता जरा आकडे, कारण या भांडणात आकड्यांइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही. ब्रिटनमध्ये एका गाडीच्या जागेचं रूढ माप वर्षानुवर्षं २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर लांब असं धरलं गेलं. इतरत्रही मापं याच आसपास आहेत, कुठे दहा सेंटिमीटर जास्त. गाड्या मात्र तेवढ्याच राहिल्या नाहीत. फोक्सवॅगन गोल्फ १९७४ साली आली तेव्हा सुमारे १.६१ मीटर रुंद होती. आजची गोल्फ, आरसे सोडून, १.७९ मीटर आहे. आणि ही काही मोठी गाडी मानली जात नाही. २.४ मीटरच्या जागेत १.८ मीटरची गाडी अगदी मधोमध लावली, तर दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर उरतात. शेजारच्यानेही तशीच मधोमध लावली, तर दोन गाड्यांमध्ये साठ सेंटिमीटर. मध्यम बांध्याचा माणूस दार अर्धवट उघडून जेमतेम उतरतो तो एवढ्याच फटीतून. आता शेजारी फक्त वीस सेंटिमीटर सरकला, म्हणजे माझ्या हाताची वीत, की उरतात चाळीस. चाळीसमधून लहान मूल निघेल, तुम्ही नाही निघणार.

म्हणजे दोघांनीही नियम तंतोतंत पाळला तरी जागा काठावर पास होते. चुकायला वाव असा नाहीच. आखून वीस-पंचवीस वर्षं झालेल्या कोणत्याही तळघरात मी गेले की आधी हेच मोजते.

एक प्रसंग सांगते, कारण त्याने माझी कामाची पद्धतच बदलली. एका कार्यालयाच्या तळघरातून एका राखाडी गाडीबद्दल सतत तक्रारी येत होत्या. दोन जागा अडवून उभी असते, मालक उद्धट आहे, दंड लावा. संध्याकाळी सहाला मी स्वतः जाऊन पाहिलं: गाडी खरोखरच रेषेच्या बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या. फोटो काढला, मालकाला कडक पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस माझ्यासमोर आला आणि एवढंच म्हणाला, "मी सकाळी साडेनऊला येतो, एकदा तेव्हा येऊन बघा." मी गेले. सकाळी सातला पहिल्या पाळीतली एक गाडी उताराजवळच्या खांबाला टाळून दोन हात सरकून लागत होती. तिच्या शेजारची तिला सांभाळून सरकायची, पुढची तिला. अशी आठ गाड्यांची रांग, प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून नीट लावतोय, रेषेकडे कोणाचंच लक्ष नाही. राखाडी गाडी नववी. तिला जेवढी जागा मिळाली त्यात ती लागत होती. पहिल्या पाळीचे लोक दुपारी तीनला निघून जायचे, मग बाकीचे एकेक करून, आणि संध्याकाळी रिकाम्या रांगेत रेषेवर उभी दिसायची ती एकटी.

पार्किंगमध्ये पुरावा निघून जातो आणि शेवटी उरलेला माणूस दोषी दिसतो. मी त्या माणसाची लेखी माफी मागितली, आणि त्यानंतर दिवसातून निदान दोन वेळा जागा पाहिल्याशिवाय कोणालाही पत्र लिहिलेलं नाही. खांबाजवळची ती पहिली जागा आम्ही दुचाकींना दिली. रांग आपोआप सरळ झाली.

रिकाम्या गाडीचा राग माणसासमोरच्या रागापेक्षा जास्त चढतो, याचंही कारण आहे. आत कोणी नसतं. बोलायला कोणी नाही, कारण सांगायला कोणी नाही, मग आपणच मनात एक माणूस उभा करतो, मग्रूर, बेफिकीर, आपल्याला तुच्छ समजणारा, आणि त्याच्याशी रोज भांडतो. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीकडे बघायचंच नाही, या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली नाव दिलं. मराठीत आपण तिला कारण लावण्यातली मूलभूत चूक म्हणू शकतो. आपण वाकडी लावली तर "घाई होती", दुसऱ्याने लावली तर "अक्कल नाही". मी स्वतःला हे आजही आठवण करून देते.

अर्थात सगळ्यांनाच परिस्थिती ढकलत असते असं नाही. दहा दिवसांच्या मोजणीत माप कधी इकडे, कधी तिकडे निघालं, पलीकडे मोकळी जागा असूनही तो रेषेवर दिसला, तर तो खरोखर लक्ष देत नाही असं समजा. आणि काही थोडे लोक मुद्दामही करतात. दाराला ओरखडा पडू नये म्हणून शेजारची जागा खाणारे मी पाहिलेत. त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवू नये, ते प्रकरण लेखी, व्यवस्थापनाकडे, मापं आणि तारखांसह. पण बावीस वर्षांत असे मोजकेच भेटले. बाकीच्यांना एकतर अडचण होती, नाहीतर आपली गाडी दुसऱ्याला किती नडते याची कल्पनाच नव्हती.

तुमच्या चार चिठ्ठ्यांबद्दल. तुम्ही मजकूर दिलात ते बरं झालं. "जरा दुसऱ्यांचा विचार करत जा" आणि "रेषा दिसत नाही का?" अशा चिठ्ठीतून वाचणाऱ्याला एकच गोष्ट कळते, की कोणीतरी आपल्यावर चिडलंय. काय बदलायचं ते कळत नाही. आणि सही नसली तर तो सगळ्या मजल्यांवर संशय घेत बसतो. माझ्या अनुभवात चालणारी चिठ्ठी अशी असते: "मी शेजारच्या जागेतली. तुमची गाडी वीस सेंटिमीटर पलीकडे गेली तर माझं चालकाचं दार उघडेल. तुम्हाला त्या बाजूला काही अडचण असेल तर सांगा, आपण मार्ग काढू." खाली नाव आणि घराचा क्रमांक. माप, गरज, आणि त्याला उत्तर द्यायला जागा. त्यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण खांबाची गोष्ट तिथेच बाहेर येते.

गाडी आडवी लावण्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते, रागावू नका. ते चुकलं. तुमची तक्रार खोटी नव्हती, पण त्या एका सकाळने दोन वर्षांची बाजू फिरवली. आधी विषय होता त्याची वीस सेंटिमीटर. आता विषय आहे तुमची आडवी गाडी. आणि धोका त्याहून मोठा आहे. कोंडलेल्या गाडीच्या मालकाला रात्री दोनला आजारी माणूस घेऊन निघावं लागेल की नाही, हे ना तुम्हाला माहीत, ना त्याला. मी सांभाळत असलेल्या एका इमारतीत हे घडलं. सुदैवाने दुसऱ्या एका रहिवाशाने आपली गाडी काढली आणि वेळेवर पोहोचवलं. पण ज्याने वाट अडवली होती, त्याची मूळ तक्रार पुढे कोणी ऐकूनही घेतली नाही, आणि ती तक्रार खरी होती. चाकातली हवा सोडणं, वायपर वाकवणं, आरसा मोडणं यांबद्दल तर बोलायलाच नको. कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, पण दुसऱ्याच्या गाडीला हात लावण्याची मुभा रेषा ओलांडली म्हणून कुठेच मिळत नाही.

दबाव उलटा फिरतो, हे मोजूनही पाहिलं गेलंय. बॅरी रुबॅक आणि डॅनियल जुयेंग या संशोधकांनी अमेरिकेत एका मॉलच्या पार्किंगमध्ये निघणाऱ्या चालकांचं निरीक्षण केलं; ते १९९७ साली प्रसिद्ध झालं. कोणी वाट बघत नसेल तर लोक सरासरी ३२ सेकंदांत जागा सोडत. कोणी जागेची वाट बघत थांबलं असेल तर ३९ सेकंद लागत. आणि थांबलेल्याने हॉर्न वाजवला की वेळ आणखी वाढून ४३ च्या आसपास जाई. निघून चाललेला माणूस, ज्याला ती जागा आता नकोच आहे, तोही ढकललं की पाय रोवतो. मग जो तिथे रोज राहतो त्याच्याकडून हॉर्नने काय साधणार?

इथवरचं थोडक्यात: दहा दिवस मोजा, पलीकडची बाजू बघा, माप सांगणारी आणि नाव असलेली चिठ्ठी द्या, आडवी गाडी पुन्हा नाही. आणि त्या सकाळबद्दल आधी तुम्ही "माझं चुकलं" म्हणा, कोणत्याही अटीशिवाय. त्याच्याकडून उलट माफीची अपेक्षा त्याच वाक्यात नको. तुम्हाला दार उघडायला हवंय, त्याचा पराभव नकोय.

आता जे तुम्ही उद्यापासून, त्याला न विचारताही, करू शकता. गाडी उलटी लावून बघा. तुम्ही तोंड आत करून लावत असाल तर मागे घेत लावा. चालकाचं दार लगेच दुसऱ्या बाजूला जातं आणि तुमच्या दोघांच्या मध्ये दोन्हीकडची प्रवाशांची दारं येतात, जी तुम्ही दोघंही एकटे असताना उघडायची गरज नसते. तिथे तीस सेंटिमीटरही पुरतात. हा उपाय मी शेकडो लोकांना सांगितला असेल. बहुतेकांना तो सुचलेलाच नसतो, कारण लावण्याची पद्धत एकदा अंगवळणी पडली की तीच चालू राहते. तुमच्या दुसऱ्या बाजूला भिंत किंवा खांब असेल तर तो चालणार नाही, ते तुम्हालाच बघावं लागेल. आणि मागे घेत लावल्याने निघताना समोरचं सगळं दिसतं, तळघरात खेळणारी मुलं दिसतात. केवळ त्या कारणासाठीही मी ते सुचवेन.

इमारतीच्या व्यवस्थापनाकडून करून घेण्यासारख्या गोष्टी वेगळ्या. रंग उडालेल्या रेषा पहिल्यांदा. एकेरी रेषेऐवजी दुहेरी रेषा काढायच्या, दोन जागांच्या मध्ये चाळीस-पन्नास सेंटिमीटरचा लांबट पट्टा, एका टोकाला अर्धगोल जोडलेला. जागा तेवढीच राहते, पण चालकाच्या डोळ्यांना ती अरुंद दिसते आणि तो आपसूक मधोमध येतो. एकेरी रेषेवर चाक टेकलं तरी "आतच आहे" असं वाटतं. दुहेरी रेषेत तसं वाटत नाही. रंगाचा खर्च सोडला तर यात काहीच लागत नाही, आणि याच्याइतका लवकर फरक मी दुसऱ्या कशाने पडलेला पाहिलेला नाही. खांबाशेजारची जागा सर्वांत अरुंद गाडीला देणं, म्हणजे अदलाबदल, हा दुसरा उपाय. त्याला सगळ्यांची संमती लागते आणि म्हणून तो रेंगाळतो. चाकांना अडवणारे ठोकळे लांबीचा प्रश्न सोडवतात, रुंदीचा नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते बसवण्यात पैसे घालवू नका.

काही ठिकाणी मात्र समजूत, अदलाबदल, चिठ्ठी असलं काही नाही. अग्निशमनाच्या गाडीची वाट ही त्यातली पहिली. ब्रिटनच्या नियमांत तिच्यासाठी किमान ३.७ मीटर रुंद रस्ता लागतो. तिथे "पाच मिनिटांसाठी" लावलेली एक गाडी ती रुंदी संपवते. दुसरी, व्हीलचेअरवाल्यांच्या जागेशेजारचा तिरक्या पट्ट्यांचा भाग. अमेरिकेत तो किमान दीड मीटर ठेवावा लागतो. लोकांना ती वाया गेलेली जागा वाटते आणि ते तिथे दुचाकी लावतात. ते त्या माणसाचं दार आहे. रुग्णालयात काम करत असताना एक बाई आपल्या नवऱ्याला गाडीत बसवण्यासाठी त्या पट्ट्यांवर लावलेल्या दुचाकीच्या मालकाची वाट बघत उन्हात पाऊण तास उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. दुचाकीवाला आला, "सॉरी, दोन मिनिटांचं काम होतं" म्हणाला आणि गेला. त्या दिवसानंतर आम्ही तिथे दुचाकी अडवणारे ठेंगणे खांब बसवले आणि त्याबाबत कोणाशीही चर्चा केली नाही. पदपथ अडवणारी गाडी, वळणावरची नजर अडवणारी गाडी, या याच जातीच्या. तिथे थेट संबंधित यंत्रणेला कळवा.

तुम्ही शेवटी असंही विचारलंय की रस्त्यावर तर याहून वाईट आहे, तिथे काय करायचं. तो प्रश्न वेगळा आहे. तिथे नेमून दिलेली जागा कोणाचीच नसते आणि खरी तंगी असते. तक्रार जुनीच आहे. जगातला पहिला पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसला, तो याच कारणाने: तिथल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणारे सकाळीच रस्त्यावर गाड्या लावत आणि दिवसभर हलवत नसत, गिऱ्हाइकांना जागाच उरत नसे. पुढे डोनल्ड शूप या अभ्यासकाने आयुष्यभर हाच विषय लावून धरला. रस्त्यावरच्या साधारण पंधरा टक्के जागा कायम रिकाम्या राहतील असं शुल्क ठेवा, म्हणजे येणाऱ्याला जागा मिळते, असं तो सांगे. मला ते पटतं, कारण जागा मिळणार याची खात्री असलेला माणूस दुहेरी रांगेत गाडी लावत नाही. पण ते तुमच्या-माझ्या हातातलं नाही, पालिकेच्या हातातलं आहे.

तुमच्या तळघराकडे परत येते. मोजणीचे दहा दिवस झाले की मला तीन फोटो दाखवा: एक मागून, दोन्ही रेषा आणि दोन्ही गाड्यांची चाकं दिसतील असा, एक त्याच्या पलीकडच्या बाजूचा, आणि एक वहीतल्या मापांचा. गाड्यांचे क्रमांक झाका. पलीकडे खांब निघाला तर त्याची रुंदी आणि रेषेपासूनचं अंतरही लिहा, मग तिथे दुहेरी रेषा पुरेल की अदलाबदलच लागेल ते मी सांगू शकेन.